ती फुली जरा बारीक करा

मोबाईलवर गेम खेळणाऱ्या मुलाचा फोन घरात जप्त होतो. तोच मुलगा पुढे गेमच्या कंपनीत लागला, की त्याचं पॅकेज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर होतं. मधली चार वर्षं आणि बापाचे काही लाख डिझाईन कॉलेजात जातात. 'चित्रकार होणार' म्हटल्यावर ज्या काकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तेच आता 'गेम डिझायनर' ऐकून 'स्कोप आहे हो' म्हणतात. कसला स्कोप, ते काकांना ठाऊक नाही, आणि पुतण्यालाही पहिल्या नोकरीपर्यंत ठाऊक नसतं.

गंमत प्रवेशापासूनच सुरू होते. पोरं आयआयटीची यूसीड देतात, एनआयडीची डॅट देतात. आणि आपण मराठी माणसं, परीक्षा म्हटली की क्लास आलाच. कल्पकतेचे क्लास निघालेत. विटेचे वीस उपयोग सांगा, असं विचारलं की सगळी बॅच तेच वीस उपयोग त्याच क्रमाने सांगते.

आत गेल्यावर चार वर्षं भिंतीवर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावायच्या. त्या चिठ्ठ्यांवर एकच देव असतो: यूझर. यूझरचा आदर करा, त्याचा वेळ वाया घालवू नका, त्याला गोंधळात टाकू नका. दार ढकलायचं की ओढायचं हे माणसाला कळलं नाही तर चूक माणसाची नाही, दार बनवणाऱ्याची, हे डिझाईनगुरू डॉन नॉर्मनचं पुराण प्रत्येक बॅच श्रद्धेनं वाचते. बाहेर पडायची वाट तर नेहमी स्पष्ट दिसलीच पाहिजे. परीक्षेत यावर मार्क असतात.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे स्वतःचा गेम. त्यात वारली माणसं उड्या मारतात, नाहीतर दशावतारातला संकासुर कोकणातल्या देवराईत हिंडतो. चित्रं देखणी असतात. परीक्षक भारावतात, आईवडील फोटो काढतात. मग तो पोर्टफोलिओ घेऊन पोर इंटरव्ह्यूला जाते आणि समोरचा माणूस संकासुराकडे बघत विचारतो, "छान आहे. बटणं केलीयत का कधी?"

बटणं! मोबाईल गेमची सगळी अर्थव्यवस्था बटणांवर उभी आहे आणि कॉलेजात हे कुणी बोललेलं नसतं. मग येते आर्ट टेस्ट. शुक्रवारी संध्याकाळी मेल येतो, सोमवारी सकाळपर्यंत दुकानाचा एक स्क्रीन, बारा आयकॉन आणि एक पॉप-अप करून पाठवा. मोबदला शून्य. पास झालात तर नोकरी. नापास झालात तर तुमचे बारा आयकॉन कुठे गेले हे विचारायचं नसतं. गवंड्याकडून कुणी 'आधी एक भिंत फुकट बांधून दाखव' म्हणून घराची पश्चिमेची बाजू उरकून घेत नाही. पण गवंडी डिझाईन कॉलेजात गेलेला नसतो, त्याला हिशेब कळतो.

नोकरी लागते. पद यूआय आर्टिस्ट. आता ते बटण जरा जवळून बघा, कारण एका हुशार पोरीचे कित्येक आठवडे त्यात गेलेले असतात. 'कलेक्ट' असं लिहिलेलं हिरवं बटण. खालच्या कडेला किंचित गडद पट्टी, म्हणून ते जाड दिसतं आणि दाबावंसं वाटतं. बोट लागलं की चेपतं, सोडलं की आपल्या मापापेक्षा केसभर फुगून मग जागेवर बसतं. मग नाणी उडतात. थेट नाही, आधी चहूकडे पसरतात, क्षणभर रेंगाळतात आणि वळसा घेऊन वरच्या आकड्याकडे झेपावतात. प्रत्येक नाणं पोचताना 'टिंग' वाजतं, आणि पुढचं टिंग आधीच्यापेक्षा वरच्या सुरात. आकडा धावत वाढतो. नाणी खोटी, श्रीमंती खोटी, आनंद मात्र शंभर नंबरी. याला नजर लागते, कान लागतो. नावं ठेवायचं काम नाही. हीच कला कुणी विजेच्या बिलावर खर्च केली असती, तर लोकांनी थकबाकीसुद्धा हसत भरली असती.

पण बटणाच्या पुढे एक मीटिंग असते. दुकानाच्या चित्रावर लाल ठिपका टाका. आत नवीन काही नाहीये? तरी टाका. विकत घ्यायचं बटण मोठं करा, चकाकतं ठेवा. आणि पॉप-अप बंद करायची ती फुली जरा बारीक करा. अजून बारीक. रंग थोडा पुसट. वरच्या कोपऱ्यात सरकवा, अंगठा पोचत नाही तिथं. आणि ती तीन सेकंदांनी येऊ दे ना. एवढं करूनही कुणी निघालाच, तर 'खरंच जायचंय? तुमचं बक्षीस राहिलंय!' पुण्यात पाहुण्याला इतका आग्रह झाल्याचं ऐकिवात नाही.

ज्या पोरीनं बाहेरची वाट ठळक असावी असं लिहून मार्क मिळवलेले असतात, ती आता पगार घेऊन ती वाट बुजवते. वाईट माणूस म्हणून नव्हे. भिंतीवर आता चिठ्ठ्या नसून रिटेन्शनचे आकडे आहेत, म्हणून. आज गेम उतरवलेल्यांतले उद्या किती परतले तो डी-वन, आठवड्यानं किती उरले तो डी-सेव्हन, महिन्यानं डी-थर्टी. शंभरातले बहुतेक खेळाडू दमडी देत नाहीत, मूठभर देतात, आणि त्यातलेही बोटावर मोजण्याइतके भरभरून देतात. त्यांना या धंद्यात व्हेल म्हणतात. ज्या यूझरची चार वर्षं पूजा बांधली, त्याची कंपनीत अशी जलचरांमध्ये बदली होते.

सौंदर्याचा निकालही आता परीक्षक लावत नाहीत, ए-बी टेस्ट लावते. दोन आयकॉन करायचे, निम्म्या लोकांना हा दाखवायचा, निम्म्यांना तो. सुंदर आयकॉन हरतो आणि तोंड वासून ओरडणारा माणूस जिंकतो. प्ले स्टोअर उघडून बघा, कितीतरी चेहरे आ वासून किंचाळताहेत. काय आग लागली म्हणून आत जावं, तर वांगी लावायची असतात.

जाहिरातींचं तर विचारू नका. खिळा ओढा, पाणी सोडा, बिचाऱ्याला वाचवा, अशी जाहिरात बघून गेम घ्यावा आणि आत तीन सारख्या वस्तू जुळवत बसावं. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या अशा दोन जाहिराती ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं 2020 साली दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद केल्या. कंपनीचं म्हणणं असं की तसली कोडी गेममध्ये आहेत की! होती. बऱ्याच लेव्हल ओलांडल्यावर. ती जाहिरात रंगवणाऱ्याच्या घरीही डिझाईनची पदवी फ्रेम करून लावलेली असणार.

आपल्याकडे खेळ रचायची परंपरा काही कमी नाही. मोक्षपट घ्या, परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि शेवटच्या घरात मोक्ष. म्हणजे खेळ संपतो. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरनं हा पट बघितला असता तर पहिला प्रश्न हाच केला असता: मोक्षानंतर रिटेन्शन काय? कँडी क्रश 2012 साली आला, लेव्हल हजारोंच्या घरात गेल्या, मोक्ष अजून अपडेट व्हायचाय.

सोंगट्यांचा पट आपला, पण 1896 साली त्यावरून निघालेल्या लुडोचं पेटंट इंग्लंडात घेतलं गेलं. मग 2016 साली नवी मुंबईतल्या एका कंपनीनं लुडो किंग काढून तो मोबाईलवर परत आणला. त्याचे रंग बघून डिझाईनवाले नाक मुरडतात. मुरडोत. 2020 च्या टाळेबंदीत नाशिकची आजी न्यू जर्सीतल्या नातवाची सोंगटी मारत होती, तेही कुणाला काही न विचारता. मोठी घरं, मोठा फासा, साध्यासुध्या फोनवर चालणारा खेळ. वारली माणसांच्या सगळ्या प्रोजेक्टांपेक्षा यूझरचा आदर तिथं जास्त झाला, हे माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी आपला प्रोजेक्ट भर उन्हात, काच तडकलेल्या फोनवर, आजीच्या हातात देऊन बघावा.

आणि आपल्या मातीतला देखणा गेम करणारे वेडे? पुण्यात आहेत ना. नॉडिंग हेड्स या छोट्याशा कंपनीनं 'राजी' नावाचा गेम केला, पहाडी शैलीतल्या चित्रांच्या वळणाचा. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी 2020 साली गेम आला आणि द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या नामांकनात जाऊन बसला. आधी आला कुठे? निन्टेंडो स्विचवर. मोबाईलवर आधी पैसे मोजून गेम घ्यायची आपली तयारी नाही. डाउनलोडमध्ये आपण जगाच्या पुढे, खिशात हात घालताना सगळ्यात मागे. फुकट हवं म्हणायचं आणि मग जाहिराती फार येतात म्हणून बोटं मोडायची, असा आपला बाणा. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ऑक्टोबर 2024 मध्ये 'इंडस' आणला. तो फुकटच आहे, दुकान आत आहे.

आता मायबाप सरकार. मे 2025 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वेव्हज नावाचा जंगी सोहळा झाला. गेमिंग हे भविष्य, तरुणांनो या, संस्था काढतो, कोर्स काढतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा झाला. 20 ला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या वेगात तर एखाद्या ॲपचा अपडेटही मंजूर होत नाही. बंदीचं मला दुःख नाही. पोरांचे आणि घरांचे पैसे त्यात बुडत होते, आणि 'हा कौशल्याचा खेळ' हे पालुपद ऐकून कान किटले होते. पण त्याआधी 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळाडूंनी भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी घेताना हा साक्षात्कार कुठे होता, एवढंच विचारायचंय.

बंदी आली तेव्हा टीव्हीवर दाखवली ती भारतीय क्रिकेट संघाची जर्सी. पैसे लावून खेळायच्या ड्रीम इलेव्हनचं नाव तिच्यावरून गेलं आणि सप्टेंबरच्या आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाविना उतरला. (जर्सी नीट दिसली, हे डिझाईनचं यश की कायद्याचं?) 'पैसे भरा' हा स्क्रीन ज्यांनी जीव ओतून केला होता, त्यांची चर्चा कुणी केली नाही. त्यांचं उत्तम काम आता पोर्टफोलिओत दाखवायचं कसं? 'मी केलेलं बटण इतकं चांगलं होतं की संसदेला मध्ये पडावं लागलं' असं लिहिता येईल. इंटरव्ह्यूत निदान हशा मिळेल.

तेव्हा या वाटेनं निघालेल्या भाच्या-पुतण्यांनो, जा, खुशाल जा. संकासुर पोर्टफोलिओत ठेवा, पण दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर एक बटण ठेवा: दाबण्याआधीचं, दाबतानाचं, दाबल्यानंतरचं आणि पैसे नसतील तेव्हाचं करडं. एक्सेल शिका, कारण तुमच्या चित्राचा खून एक्सेलमध्येच होणार आहे, निदान पंचनामा वाचता यावा. आणि आर्ट टेस्टचा मेल आला की रंग कुठले, फाईल कुठली हे विचारण्याआधी पैसे किती ते विचारा. 'एक्स्पोजर मिळेल' असं उत्तर आलं, तर बाराच्या बारा आयकॉनवर आपलं नाव आडवं, ठसठशीत छापून पाठवा. ते नाव बारीक करा म्हणाले, तरी करू नका.