युनिव्हर्सिटीमामा

बीदर जिल्ह्यातल्या भालकीत मामांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. १९८० साली गुलबर्गा विद्यापीठ सुरू झालं आणि पुढच्या कुठल्याशा हंगामात मामा त्याच्या कबड्डी संघात निवडले गेले. विद्यापीठाचा ब्लेझर मिळाला. तेव्हापासून बारसं असो की तेरावं, भर मे महिन्यातसुद्धा मामा ब्लेझरात. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, २०२३ मध्ये बीदरला वेगळं विद्यापीठ मिळालं; मामांच्या खिशावरचं बोधचिन्ह काही बदललं नाही. बटणं तेवढी लागत नाहीत.

अशी माणसं सीमाभागात गावोगाव असतात. खेळलेले सामने मोजके, सांगितलेले बेसुमार.

भाचा कॅनडात विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात शिकायला गेला आणि मामांना २०२४ चा नवा हंगाम सापडला. तिथलं विद्यापीठांचं फुटबॉल ऑगस्टअखेर सुरू होतं आणि नोव्हेंबरात आटोपतं. इकडं तेवढ्यात तूर फुलून शेंगेवर येते. मामा रात्री आखाड्यावर मोबाइल लावून बसत आणि सालगड्याला नियम शिकवत.

"गडी बारा. धा यार्ड पुढं जायला डाव तीनच. अमेरिकेत चार देतात. लाडावलेली पोरं!"

लाथेनं गोलपट्टीत धाडलेला चेंडू समोरच्यांना बाहेर काढता आला नाही, तर एक गुण. त्याला 'रूज' म्हणतात. मामांनी जागेवर निवाडा केला, "हा तर आपला बोनस!"

"मालक, फुटबॉल म्हणता, मग हातात कसं धरलालेत?"

"तू तुरीकडं बघ."

लॉरिए हंगामभर हरलं नाही. २३ नोव्हेंबरला किंग्स्टनमध्ये व्हॅनिए कपच्या अंतिम सामन्यात मात्र लाव्हाल विद्यापीठानं त्यांना २२–१७ असं हरवलं आणि बाराव्यांदा कप नेला. भाच्याचा पडलेला आवाज फोनवर ऐकून मामांनी धीर दिला, "आम्हीबी असंच निसटतं हरलो होतो."

"किती गुणांनी, मामा?"

मामी आतून म्हणाल्या, "त्यांना काय ठाऊक? राखीव होते. मैदानात गेले ते पाण्याची बादली घेऊन."

मामा जराही विचलित झाले नाहीत. "राखीव गड्यांबिगर संघ होतो का कुठं?"

नाहीच होत. खेळणाऱ्याचा हंगाम चार महिन्यांत संपतो. राखीव गड्याचा चाळीस वर्षं चालतो, कारण त्याला दमायचं काही कारणच पडत नाही.