हळदीचं कुंकू

(रिकामा रंगमंच. हातात खराटा घेऊन सफाईच्या मावशी येतात. प्रेक्षक म्हणजे सोसायटीची कमिटी.)

नको, मी उभीच बरी. कमिटीसमोर बसले तर उद्या नोटीस बोर्डावर लागायचं.

तर, मावशींमुळे पॅसेजमधलं कार्पेट खराब झालं, असा अर्ज आलाय म्हणे. साहेब, ही डोंबिवली. पाऊस जूनमध्ये येतो तो गणपती पोचवूनच जातो. आणि अशा गावात सेक्रेटरीसाहेबांनी दुबईचं हॉटेल बघून पॅसेजमध्ये कार्पेट चिकटवलं! अहो, दुबईला चिखल कुठला?

(खराटा मारते, खोकते.) बघा. वरचं उडालं, ३०१च्या दारात जाऊन बसलं. बुडाची रेती तशीच. ४०२चं फर्निचर-लाद्यांचं काम चाललंय ना, त्यांची रेती. ती धाग्यांच्या मुळाशी जाते, वरून तुम्ही चालता, की खाली कानस फिरते. धागा कापला जातो. मग म्हणता, रंग उडाला! ती रेती ओढून काढायला व्हॅक्युम मागितला, तर म्हणे तीन कोटेशन आणा. खराटा देताना कुणी कोटेशन मागितलं नव्हतं.

मग खजिनदारसाहेबांनी स्वतः मनावर घेतलं. जुलैत! दोन बादल्या साबणाचं पाणी ओतलं. रेतीचा झाला चिखल. वरून वाळलं, खालून आठवडाभर ओलं. कुबट वास सुटला. ३०१नी २०४च्या कुत्र्याची तक्रार केली. कुत्रा तेव्हा सासवडला होता.

पण खरी गंमत संक्रांतीची. २०३मध्ये हळदीकुंकू. दारात हळदीची वाटी सांडली. कोरडी हळद! पुठ्ठ्यानं उचलली असती, उरलेली व्हॅक्युमनं गेली असती. पण वहिनी साबण घेऊन धावल्या. मी ओरडतेय, "वहिनी, थांबा!" त्या घासतायत. साबणाचा खार लागला की हळद लाल होते. कुंकू तसंच तर करतात, हळदीला चुना लावून. वीतभर पिवळं होतं, हातभर लाल झालं. ३०१च्या आजी वाकून नमस्कार करून गेल्या.

बरं, हळद उन्हात उडते. हळदीचा रुमाल दोरीवर टाका, फिका पडतो. पण पॅसेजला खिडकी नाही, आणि कार्पेट चिकटवलेलं. (वर बघत) ट्यूबलाइट दाखवून झाली.

आता गेटातलं पायपुसणं. त्यावर 'वेलकम' लिहिलंय. एक पाऊल मावतं. दुसरं थेट कार्पेटवर! थांबून पाय पुसा, हे आपल्या माणसाला सांगून ब्रह्मदेव थकला. म्हणून काथ्याचं लांबलचक पायपुसणं टाका, चार-पाच पावलं त्यावर पडलीच पाहिजेत. चालता चालता पाय पुसले जातील, माणसाला कळणारही नाही.

माझं विचाराल तर पॅसेजला लादीच शोभते. पण घातलंय ना? मग मिनिटबुकात लिहा. आधी पायपुसणं, मग व्हॅक्युम, आणि पावसाळ्यात बादली कुलपात. चिखल पडला तर वाळू द्या. चहा सांडला तर कोरड्या फडक्यानं टिपा, चोळू नका.

आणि साबण घेऊन धावण्याआधी मला हाक मारा. अकरापर्यंत मी तळमजल्यावरच असते.