ओटीपी कुणाला सांगू नका, आम्हाला सोडून

अंथुर्ण्यात कुलपाला मान आहे. ट्रॅक्टरच्या डिझेलटाकीला कुलूप, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप, सासूबाईंच्या ट्रंकेला तर दोन. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की हीच माणसं दारं सताड उघडी टाकून वारकऱ्यांच्या पंगती उठवतात, तो भाग वेगळा. कुठं उघडं ठेवायचं आणि कुठं बंद, ही अक्कल गावाला कुणी शिकवावी लागली नाही. ती फक्त मोबाइलपाशी येऊन अडते. कारण मोबाइलची किल्ली दर आठवड्याला कुणाच्या तरी हातात द्यावीच लागते, आणि ती मागणारा बहुतेक वेळा सरकारी काम घेऊन बसलेला असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'लाडक्या बहिणी'च्या ई-केवायसीचं फर्मान निघालं. महिन्याचे १५०० रुपये हवेत, तर बहिणीनं स्वतःच्या आधारचा ओटीपी द्यावा, शिवाय नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही. दोघंही वारले असतील तर ओटीपी कुणाचा आणायचा, हे सरकारला फर्मान काढल्यावर सुचलं. सगळं घरबसल्या होणार होतं. घरबसल्या म्हणजे सेवा केंद्राच्या पायरीवर बसल्या. आत दृश्य असं:

"आजी, मेसेज आला का बघा. सहा आकडे सांगा."

आजी फोन पदराखाली घेते. "बँकेतला साहेब म्हनला, आकडं कुनालाबी सांगायचं न्हाईत."

"बरोबरच म्हनला. मला सांगा."

केंद्र चालवणाऱ्या पोराच्या डोक्यामागे, प्रिंटरच्या वर, 'आपला ओटीपी कोणालाही सांगू नका' असा कागद डकवलेला. आजी तो वाचत नाही हे एक बरं, नाहीतर योजना तिथंच बंद पडायची. शेवटी आजी फोनच पोराच्या हातात देते. आकडे सांगितले नाहीत, म्हणजे साहेबाचा शब्द मोडला नाही!

शेतकऱ्याच्या आयडीची तीच तऱ्हा. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना तो सक्तीचा झाला. आधार, सातबारा, मोबाइल एका ठिकाणी जोडून घ्यायचं. नंबर आजोबांच्या नावचा, सिम नातवाच्या फोनमध्ये, नातू भोसरीत कामाला. मग बारामती-इंदापूर रस्त्यावर उभं राहून आजोबांनी हाक घालायची आणि नातवानं कंपनीच्या संडासात जाऊन आकडे वाचून दाखवायचे. याला तज्ज्ञ लोक द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. आमच्याकडे ती त्रिस्तरीय आहे, कारण मध्ये सूनबाई निरोप देते.

पिनकडे येऊ. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, घरच्यांना आठवेना, गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं १ जून टाकून दिली. आता बँक सांगते, सहज लक्षात राहील असा चार आकडी पिन निवडा. माणूस सरळ ०१०६ टाकतो. गुरुजी आज असते तर इंदापूर तालुक्यातली निम्मी एटीएम कार्डं त्यांनी एका बोटावर चालवली असती.

'सुरक्षा प्रश्न' नावाचा आणखी एक विनोद आहे. आईचं माहेरचं आडनाव काय? हा प्रश्न ज्यानं काढला त्यानं कधी सोयरीक जमवलेली दिसत नाही. इथं पारावर बसलेला कुठलाही म्हातारा तुमच्या आईचंच काय, आजीचं आजोळ, मामाचं देवक आणि मोडलेल्या सुपारीचं कारणसुद्धा चहाच्या आत सांगेल. या उत्तरावर ज्यांचा ईमेल सुरक्षित आहे, त्यांनी लग्नसराईत फोन बंदच ठेवावा.

पासवर्डात मोठं अक्षर, छोटं अक्षर, आकडा, चिन्ह हवं आणि दर तीन महिन्यांनी तो बदला, हा छळ कुठून आला? अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत बिल बर नावाचे गृहस्थ होते. २००३ साली त्यांनी ही नियमावली लिहिली आणि जगानं ती डोक्यावर घेतली. २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी या सल्ल्याबद्दल पश्चात्ताप जाहीर केला. त्याच वर्षी संस्थेनंही उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, असं लिहिलं. ती वार्ता आमच्या बँकेत अजून पोहोचलेली नाही. बदल मागितला की लोक शेवटच्या एकाचे दोन करतात, दोनाचे तीन. चोरालाही मोजता येतं.

आणि गंमत बघा, पैसे गेले तर? रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं, गुप्त आकडे ग्राहकानंच दुसऱ्याला दिले असतील तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी. म्हणजे योजनेसाठी आकडे सांगायची सवय एका खात्यानं लावायची आणि त्याच सवयीनं बुडालेल्याला दुसऱ्यानं निष्काळजी म्हणायचं. आधारचा ओटीपी वेगळा आणि बँकेचा वेगळा, असं साहेब म्हणतील. दोन्ही सहाच आकडी, दोन्ही इंग्रजी मेसेजात, आजीला फरक कळावा कसा?

बरं, ज्यांनी सगळं लपवलं त्यांचं तरी काय झालं? ११ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर डल्ला पडला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, दोन दिवसांनी आणखी काही कोटी हाँगकाँगला गेले, एकूण ९४ कोटींच्या घरात. चोरांनी बँकेच्या यंत्रणेच्या जागी आपलीच खोटी यंत्रणा बसवून 'हो, द्या' म्हणायला लावलं. कुणा खातेदाराला फोन करून पिन विचारायची त्यांना गरजच पडली नाही. बरोबर सहा वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२४ ला, आमच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं जाहीर केलं, पोलिसांकडे गेल्या, आणि कृपया फोन करू नका अशी विनंती केली. ती खरी आहे का, हे विचारायला किती कार्यकर्त्यांनी फोन लावला असेल, ते पांडुरंगालाच ठाऊक.

अशा वेळी मला चुलत्यांची वही शहाणी वाटते. दोनशे पानी, वर कारखान्याच्या उसाच्या टनांचा हिशेब, शेवटच्या पानावर ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड, वही ट्रंकेत. शहरी पुतणे हसतात. पण झारखंडात बसलेल्या भामट्याला अंथुर्ण्यातली ट्रंक उघडता येत नाही. हसणाऱ्या पुतण्यांनी मात्र त्याच पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'असू द्या, उपयोगी पडेल' म्हणून. चुलत्यांची दुसरी युक्ती त्याहून भारी: उसाचं बिल एका खात्यात, त्याला ना कार्ड ना ॲप, किराणा-डिझेलला वेगळं खातं, त्यात दोन-तीन हजार. सोय त्या दोन-तीन हजारांपुरती. गेले तर गेले, शिव्या देऊन १९३० ला फोन लावायचा.

आता रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२६ पासून ओटीपीखेरीज दुसऱ्या वाटाही मोकळ्या केल्यात, बोटाचा ठसा वगैरे. उत्तम. पाचट ओढून आणि खुरपं धरून ज्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, त्यांना रेशनच्या यंत्रानं याची चव आधीच दिली आहे.

तेव्हा शासनाला नम्र सूचना. कोतवालाच्या धर्तीवर प्रत्येक गावात एक 'ग्राम ओटीपी-रक्षक' नेमा. गावाचे आकडे त्यानं अधिकृतपणे ऐकावेत, म्हणजे निष्काळजीपणाचा ठपकाही अधिकृत होईल. पदासाठी अर्ज अर्थातच ऑनलाइन. ओटीपी आजोबांच्या नंबरावर येईल, आणि थ्री फेज लाइट रात्री बारानंतर असल्यानं आजोबा मोटार सुरू करायला रानात गेलेले असतील.