डिस्पोजलचे मेजर

कळमनुरीत त्यांना सगळे मेजर म्हणतात. फौजेशी त्यांचा संबंध एवढाच, की हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि आपले पणजोबा तिथं तूप घालायचे, असं ते सांगतात. बाकी सगळी नोकरी कारकुनीत गेली; वेड मात्र फौजेच्या डिस्पोजलच्या सामानाचं.

पुण्यातलं लग्न बुधवार-रविवारला लागून असलं, की मेजर आहेर घेऊन आधी हजर. जुना बाजार त्याच दोन दिवशी भरतो ना! तिथं मेसटिन घेताना त्यांना बघावं. एकात एक बसणारे ते दोन चौकोनी डबे वेगळे करायचे, कडीचा रिबिट हलतोय का पाहायचं, नखानं टिचकी मारायची, मग भिंग काढून फौजी मालावरचा बाणाचा शिक्का शोधायचा. शिक्का नसला तर दहा रुपयांतही नको. असला तर भोकासकट चालतो. पातळ ॲल्युमिनियमात भात मधोमध करपतो आणि कडेला कच्चा राहतो, हे वहिनींनी सांगून पाहिलं. "सैनिक कुरकुर करत नाही," असं उत्तर आलं. त्या डब्यात आता वहिनींचे सांडगे असतात.

स्टोव्हचा प्रश्न त्याहून गहन. बाजारात सुटसुटीत गॅसची शेगडी मिळते. काडी लावली की चहा. मेजरांनी ती नापास केली, कारण शून्य अंशाखाली ब्यूटेनचा गॅसच होत नाही. एप्रिल-मेमध्ये कळमनुरीत डांबर पाघळतं, ही गोष्ट वेगळी. हेक्झामिनच्या वड्या आणल्या, तर पातेल्याचं बूड काळं आणि घरभर वास. शेवटी निवड झाली पितळी पंपाच्या स्टोव्हची. १९५३ साली एव्हरेस्टवर प्रायमसच होता, यापुढे कोण काय बोलणार? रेशनचं रॉकेल दुर्मिळ झालंय, वायसर तेलात भिजवून ठेवावं लागतं, पिन हरवली की सगळंच ठप्प. पण या कटकटीतच त्यांचा जीव रमतो, असं माझं मत.

यंदा हुरड्याला सगळा सरंजाम शेतावर आला. गड्यानं खड्डा उकरून, गोवऱ्या पेटवून आगटी केली. मेजर बांधाच्या आडोशाला बसले. वाटीत स्पिरिट ओतलं, बर्नर तापायच्या आत पंप मारला, आणि पिवळा जाळ टोपीपर्यंत आला.

"मामा, वायलं सरका की!" भाचा ओरडला.

निपल चोंदला. पिन घातली, परत स्पिरिट, परत पंप. तोवर इकडं कणसं भाजून, चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर संपतही आली. चहा मात्र मेजरांच्याच स्टोव्हवर झाला. रॉकेलचा वास होता. पण दुसरं भांडं कुणी आणलंच नव्हतं, म्हणून सगळ्यांनी दोनदोन कप घेतला.

"मामा, ह्या आगटीवर पाच मिन्टात झाला असता."

"सियाचीनला पेटंल का तुझी आगटी?"

कुणालाच सियाचीनला जायचं नव्हतं, त्यामुळे मुद्दा तिथंच जिंकला गेला. परतताना मेजर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून भाच्याला विचारत होते, की इसापूर धरणावर मुक्काम करायचा झाला तर तंबू दोघांचा घ्यावा की बारा जणांचा. मागून वहिनींनी विचारलं, "अन् दळण कोण आणणार?"