अनोळखी नंबर उचलणाऱ्या मूर्खांची प्रशस्ती

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची. त्यांत अनोळखी नंबरावरून आलेला फोन उचलणारा नाही. ती उणीव आपल्या काळाने भरून काढली. पडद्यावर ओळखीचं नाव नाही, खाली लाल अक्षरांत 'संभाव्य स्पॅम' असं लिहून आलंय, आणि तरी जो हिरव्या खुणेवर बोट फिरवून 'हॅलो, कोण बोलतंय?' म्हणतो, तो मूर्ख. हे लक्षण आता घरोघरी पाठ आहे. मुलं अशा माणसाला रागावतात, सून त्याच्या हातातून फोन काढून घेते, सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्यासाठी रोज सकाळी सुविचारांच्या जोडीने सूचना येतात. मला या मूर्खाची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून.

एके काळी सगळा महाराष्ट्रच असा मूर्ख होता. नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर फोन नंबर असायचा आणि पुढे कंसात 'पी. पी.' असं छापलेलं असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांकडे. चाळीत एकाच घरी फोन, आणि तो वाजला की त्या घरची बाई हातातलं काम टाकून उचलायची. कोणाचा फोन आहे हे उचलेपर्यंत कळायचं नाही, आणि उचलल्यावर बहुतेक वेळा एवढंच कळायचं की तो आपला नाही. 'दहा मिनिटांनी करा, बोलावून ठेवते' असं सांगून ती गॅलरीत जाऊन तिसऱ्या मजल्यावर हाक मारायची. कुणाला नोकरी लागली, कुणाकडे बाळ झालं, गावाकडे कोण गेलं, या सगळ्या बातम्या या बाईच्या कानावरून पुढे गेल्या. अनोळखी आवाजाला 'कोण पाहिजे?' असं विचारण्याचा तिला कंटाळा असता, तर अर्ध्या चाळीला बातमीच पोचली नसती.

मग मोबाइल आला. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. नंबर बघायचा, कापायचा आणि खाली उतरून एसटीडी बूथवरून उलट फोन करायचा, यात तेव्हा चोख हिशेब होता. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. हिशेब संपला, पण नंबर बघून कापण्याची सवय मात्र राहिली आणि पुढे तिलाच शहाणपण म्हणू लागले.

शहाण्यांना सवय सोडायला कारणही मिळालं नाही, हे मान्य केलं पाहिजे. दुपारी डोळा लागला की क्रेडिट कार्ड, संध्याकाळी पोळ्या लाटताना प्लॉट, मीटिंगमध्ये विमा. सरकारने २००७ मध्ये 'नको' म्हणणाऱ्यांची नोंदवही उघडली. पुढे १९०९ या क्रमांकावर नोंद करायची सोय झाली. जाहिरातवाल्यांना १४० ने सुरू होणारे नंबर लावून दिले. २०१८ मध्ये नवे नियम आले. २०२४ मध्ये बँका आणि सरकारी खात्यांच्या कामाच्या कॉलसाठी १६० ने सुरू होणारी वेगळी मालिका काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात एअरटेलने आपल्या ग्राहकांच्या पडद्यावर संशयित स्पॅमचा इशारा द्यायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीला चोर आणि विक्रेते साध्या दहा आकडी नंबरावर सरकले, आणि साध्या दहा आकडी नंबरावरून फोन करणारी साधी माणसं त्यांच्याबरोबर संशयाच्या रांगेत उभी राहिली.

ही रांग कशी लागते ते जवळून पाहण्यासारखं आहे. ट्रूकॉलर ही स्वीडनमध्ये २००९ साली सुरू झालेली सेवा, आणि तिचे सगळ्यात जास्त वापरणारे भारतात आहेत. लोकांनी एखादा नंबर ज्या नावाने जपून ठेवला असेल किंवा ज्या नावाने कळवला असेल, त्यावरून ती समोरच्याचं नाव दाखवते. आमच्याकडे नळदुरुस्तीला येतात त्या गृहस्थांचं नाव कित्येकांच्या पडद्यावर 'प्लंबर नको' असं उमटतं. कुणा एकाने कधीतरी रागाच्या भरात तसं सेव्ह केलं असावं. गृहस्थ कामाचे पक्के आहेत, वेळेवर येतात, वायसर बदलायचा असेल तर पूर्ण नळ बदलायला सांगत नाहीत. त्यांना नवीन गिऱ्हाईक उलट फोन का करत नाही, हे त्यांना बरेच महिने उमगलं नाही. घरपोच सामान आणून देणारी मुलं दिवसाला कितीतरी अनोळखी लोकांना फोन लावतात. त्यातल्या काहींनी चिडून 'स्पॅम'वर बोट दाबलं की झालं. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला दिला जातो, तेव्हा आधीच्या मालकाची कीर्तीही बरेचदा त्याच्याबरोबर जाते. नवीन सिम घेतलेली कॉलेजची मुलगी वर्गातल्या मैत्रिणींच्या पडद्यावर 'लोन रिकव्हरी' म्हणून वाजते.

यावर उपाय म्हणून आता खरं नाव दाखवायचं ठरलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने तशी शिफारस केली. सिम घेताना अर्जावर जे नाव लिहिलं, तेच पलीकडच्याच्या पडद्यावर यावं. २०२५ मध्ये ट्राय आणि दूरसंचार विभाग यांचं यावरही एकमत झालं की ही सोय कुणी मागितली नाही तरी सगळ्यांना मिळावी. बेत चांगला आहे. आता आपल्या घरातली सिमं आठवून बघा. आईचं सिम बाबांच्या नावावर, मुलीचं मामाच्या नावावर, कारण त्या दिवशी आधार कार्ड त्याच्याच खिशात होतं. घरकाम करणाऱ्या मावशींचं सिम गेली कित्येक वर्षं त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर आहे आणि सासरे आता नाहीत. त्या उद्या 'ताई, आज येत नाही, पोराला ताप आहे' हे सांगायला फोन करतील, तेव्हा ताईच्या पडद्यावर एका दिवंगत गृहस्थांचं नाव झळकेल. शहाणी ताई तो फोन घेणार नाही. मूर्ख ताई घेईल, आणि तिला एवढं तरी कळेल की पोराला ताप आहे.

सावधगिरीच्या या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोठा धडा अमिताभ बच्चन यांच्या आवाजातल्या त्या इशाऱ्याने दिला. अनोळखी कॉलपासून सावध राहा, असं सांगणारी ती ध्वनिफीत जून २०२५ पर्यंत फोन लावला की वाजायची. कुणाला? फोन करणाऱ्याला. ज्याने स्वतः नंबर फिरवलाय, ज्याला समोरचा कोण आहे हे पक्कं ठाऊक आहे, त्याला ती ऐकावी लागायची. घरात माणूस छातीला हात लावून बसलाय, मुलगा डॉक्टरांना फोन लावतोय आणि आधी इशारा चाललाय. ज्याच्याकडे अनोळखी फोन जायचा त्याच्या कानी मात्र नुसती घंटी. लोकांनी तक्रारी केल्या, शेवटी इशारा बंद झाला. हे योजणाऱ्यांची तळमळ खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण इशारा ज्याला हवा त्याच्यापर्यंत तो पोचतो का, हे एकदा कुणीतरी स्वतः फोन लावून बघायला हवं होतं.

आता चोरांविषयी, कारण त्यांचं नाव काढल्याशिवाय मूर्खांची स्तुती पुरी होत नाही. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून जो प्रकार चालतो, त्यात कित्येक निवृत्त शिक्षकांची, डॉक्टरांची, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्यांची आयुष्यभराची पुंजी गेली. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये देशाला सांगितलं की असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. पैसे कसे जातात, ते नीट बघा. फोन उचलल्याने जात नाहीत. पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतो, कधी कधी दिवसच्या दिवस. तो कॉल बहुधा इंटरनेटवरून येतो, तिथे कंपनीचा लाल इशारा पोचतच नाही. आणि चोराची पहिली अट असते की घरात कुणाला सांगायचं नाही, दुसऱ्या कुणाचा फोन घ्यायचा नाही. बायकोचा नाही, मुलाचा नाही, बँकेतून विचारणा आली तर तिचाही नाही. म्हणजे शहाणे आपल्या मर्जीने जो नेम पाळतात, तोच चोर धाक घालून पाळायला लावतो. ज्यांची पुंजी गेली त्यांना मी दोष देत नाही. भीती घालणं हा चोरांचा धंदा आहे आणि त्यात ते तरबेज आहेत. पण त्या तासांत एखादी बहीण सहज फोन करून 'अगं, आवाज असा का येतोय?' म्हणाली असती आणि तो फोन उचलला गेला असता, तर कितीतरी घरं वाचली असती.

आमच्या मजल्यावरच्या काकू सगळे फोन उचलतात. सगळे. त्यांनाही एकदा तो फोन आला. पलीकडचा भारदस्त हिंदीत म्हणाला की तुमच्या नावाचं पार्सल मुंबईत कस्टमने पकडलंय. काकूंनी आधी पार्सल कुणी पाठवलं ते विचारलं. ठाण्याच्या जाऊबाई पाठवणार होत्या, पण त्या तर कुरिअरने पाठवतात, कस्टमकडे कसं गेलं? पलीकडचा म्हणाला, आत ड्रग्ज सापडलेत, मामला गंभीर आहे, कुणाला सांगू नका. काकू म्हणाल्या, 'थांबा हं भाऊ, ह्यांना विचारते,' आणि फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी गॅलरीतून खाली बाकावर बसलेल्या काकांना हाक मारली. 'अहो, वरती या, पोलिसांचा फोन आहे, आपल्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत म्हणे!' खालचे तिघे-चौघे वर बघू लागले. एक निवृत्त फौजदार त्यांच्यात होते, ते म्हणाले, 'द्या बघू इकडे.' तोवर फोन कट झाला होता. संध्याकाळपर्यंत ही हकिगत भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली. काकूंवर लेक मात्र रागावला. अनोळखी नंबर उचललाच का म्हणून.

काकूंच्या मूर्खपणात एक शिस्त आहे, ती शिकण्याजोगी आहे. त्या नाव विचारतात, गाव विचारतात, कुणी नंबर दिला ते विचारतात. ओटीपी मागितला की 'मला त्यातलं कळत नाही' म्हणून ठेवून देतात. कुणी अमुक आकडा दाबा म्हटलं तर दाबत नाहीत, अ‍ॅप उतरवून घ्या म्हटलं तर उतरवत नाहीत. बँकेचं नाव सांगितलं तर 'मी उद्या शाखेत येते' म्हणतात. कुणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा, हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आलेल्या फोनची गोष्ट त्या पोटात ठेवत नाहीत. पडद्यावरच्या लाल अक्षरांपेक्षा मला या बाईच्या बडबडीचा भरवसा जास्त वाटतो.

शहाण्यांची घरं मात्र कधी कधी फार दूरवर त्रास देतात. रुग्णवाहिकेचा चालक गल्ली सापडत नाही म्हणून आपल्या फोनवरून विचारतो, त्याचा नंबर कुणाच्या यादीत असणार? अपघातात सापडलेल्याच्या खिशातल्या चिठ्ठीवरून कुणी रस्त्यावरचा माणूस घरी फोन लावतो, तोही अनोळखीच. प्रवासात ज्याची बॅटरी संपली किंवा ज्याचा फोन चोरीला गेला, त्याला पहिला फोन परक्याच्या फोनवरूनच करावा लागतो. गरज जितकी मोठी, तितका नंबर अनोळखी असायची शक्यता जास्त. एवढी साधी गोष्ट कुठल्याही इशाऱ्याच्या यंत्रात बसवलेली नाही.

आषाढी वारीत हे दरवर्षी घडतं. पालखी मुक्कामाला पोचते, तंबूंची गर्दी, आणि एखादी आजी आपल्या दिंडीपासून चुकते. तिच्याजवळ फोन नसतो, किंवा असतो आणि तो कधीचा बंद पडलेला असतो. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी असते, तिच्यावर मुलाचा नंबर. शेजारच्या दिंडीतला कुणी तरुण, नाहीतर बंदोबस्तावरचा हवालदार, आपल्या फोनवरून तो नंबर लावतो. पुण्यात किंवा पनवेलला ऑफिसात बसलेला मुलगा पडद्याकडे बघतो आणि कापतो. पुन्हा लागतो, पुन्हा कापतो. तिसऱ्यांदा ब्लॉक करतो. इकडे आजी त्या तरुणाला सांगते की मुलगा कामात असेल, फार मोठ्या हुद्द्यावर आहे. मग ती दुसरा नंबर काढते, गावातल्या भाचीचा. भाची धड शिकलेली नाही, तिला पडद्यावरचं इंग्रजी वाचता येत नाही. ती पहिल्या घंटीला उचलते, आजीशी बोलते, मग त्या तरुणाला दिंडीचा क्रमांक सांगते आणि दिंडीचालकाचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवते.