संपली की डबी मला

या काकू तुमच्याही इमारतीत असणारच, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. तुमच्या हातात काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. ते कशात आहे एवढंच त्या बघतात आणि म्हणतात, "संपली की डबी मला."

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काकू भेटायला आल्या. "थेंब किती दिवस घालायचेत?" त्यांनी विचारलं. सासरे गहिवरले. शेजारधर्म अजून शिल्लक आहे म्हणाले. "महिनाभर." "बरं, मग बाटली पुढच्या महिन्यात नेते." शेजारच्या बारशाला आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र केलं, आणि पाठोपाठ काकू पाळण्यावर वाकल्या. आशीर्वाद देतायत असं सगळ्यांना वाटलं. त्या उशाशी ठेवलेल्या पावडरचं झाकण फिरकीचं आहे की दाबायचं, ते बघत होत्या. लग्नाच्या पंगतीत त्या श्रीखंड वाढणाऱ्यावर नव्हे, त्याच्यामागे रिकामे होत चाललेल्या डब्यांवर लक्ष ठेवून असतात.

एवढ्या डब्यांत जातं काय? मणी. टिकल्या, कुंदन, गोंडे, डायमंडच्या लेसचे वीतभर तुकडे, क्विलिंगच्या पट्ट्या (तीन मिलिमीटरच्या वेगळ्या, पाचच्या वेगळ्या, एकत्र केल्यात तर तुमच्याशी बोलणं बंद). काकू रविवार पेठेत, बोहरी आळीत "नुसतं बघून येते" म्हणून जातात आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रिक्षाने परततात. मग आठवडाभर निवडणं चालतं. मण्यांचा हिशोब उलटा असतो, हे मला त्यांच्याचकडून कळलं. नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. आठ नंबरचा साधारण तीन मिलिमीटर, अकराचा दोन, आणि पंधराचा तर चष्मा लावूनही दिसत नाही, नुसता टोचतो.

गोळ्या विसरू नयेत म्हणून मुलाने काकांसाठी सात वारांची सात कप्प्यांची डबी आणली होती. ती काकांपर्यंत पोचलीच नाही. आता त्या घरात "हिरव्या टिकल्या गुरुवारात आहेत, शनिवार उघडू नका, बारीक काचमणी आहेत" अशी भाषा चालते. होमिओपॅथीच्या बाटल्यांचंही तेच. एकदा काकांनी सर्दीवर म्हणून चार पांढरे मणी जिभेखाली ठेवले. ते विरघळेनात. औषध जोरदार असणार असं समजून काका अर्धा तास तोंड मिटून बसले. सर्दी गेली. काकांची त्या बाटलीवर अजून श्रद्धा आहे.

पावसाळ्यात काकूंचा मुक्काम कपाटासमोर. दमट हवेत चमकीचे गोळे होतात, धातूचे मणी काळे पडतात, चिकटपट्टीवाले स्टिकर चिकटायचे सोडून वळतात. म्हणून प्रत्येक डबीत सिलिका जेलची एक पुडी. त्यामुळे इमारतीत कुणीही नवे बूट आणले की काकू दारात हजर. खोक्यातली पुडी मागतात आणि जाता जाता, "खोकंही ठेव हं."

आणि या सगळ्यातून घडतं काय, तर फारसं काही नाही. एखाद्या रुखवतातली सुपारीची भटजींची जोडी, कुणाच्या बोरन्हाणाला हलव्याचा मुकुट. थर्माकोलचे गोळे तर 2018 च्या बंदीआधीपासून पडून आहेत. ते वापरताही येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. काकूंची कला म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवणं. ती ठेवून झाली की कलाकृतीला ना वेळ उरतो, ना टेबलावर जागा. हे मी एकदा बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "तुझी ती पेपरमिंटची डबी संपली का?"

पूर्वी रात्री नऊ वाजता त्यांची बेल हमखास वाजायची. उद्या शाळेत प्रकल्प न्यायचा असल्याचं पोरांना त्याच वेळी आठवायचं. हत्तीला डोळे हवेत, सूर्यमालेला शनीची कडी हवी, आई फणफणतेय. काकू नेमकी डबी काढायच्या. आता बेल वाजत नाही. मोबाइलवरून दहा मिनिटांत डोळ्यांचं पाकीट घरी येतं. त्यातले दोन हत्तीला लागतात, बाकीचे दुसऱ्या दिवशी झाडूखाली येतात.

मात्र वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या कोटाचं बटण मुलाखतीच्या दिवशी सकाळी तुटलं, तेव्हा ते पाकीटवाले कामाला आले नाहीत. त्याला एकच बटण हवं होतं, तपकिरी, चार भोकांचं, बाकीच्यांशी जुळणारं. बाजार डझन विकतो, पाकीट विकतो, वजनावर विकतो. एकच बटण आमच्या इमारतीत फक्त काकू देतात. त्यांनी ते दिलं, त्याच रंगाच्या दोऱ्याने लावूनही दिलं, आणि पैसे विचारल्यावर रागावल्या. मुलाला नोकरी लागली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो आला तेव्हा काकूंनी त्याचं अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि म्हणाल्या... असो, तुम्हाला माहीत आहे.

तर वाचकहो, कॅमेऱ्याच्या फिल्म रोलच्या त्या जुन्या काळ्या, घट्ट झाकणाच्या डब्या कुणाच्या माळ्यावर पडून असतील तर टाकू नका. आठ नंबरच्या मण्यांना तसली डबी आता बाजारात मिळत नाही, आणि काकूंकडे पाच कमी पडतायत.