अय्या, अजून एक ठुशी?

सांगते, पण माझं नाव मध्ये आणू नका. भिशीतल्या एकीनं म्हणे संक्रांतीला शपथ घेतली, वर्षभर एकही दागिना घ्यायचा नाही. तीही चारचौघींत, तिळाची वडी हातात धरून. आणि रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला बाईसाहेब हजर, गळ्यात नवीकोरी ठुशी! कुणीतरी विचारलंच. तर म्हणाली, "अगं, हा दागिना कुठे? वन ग्रॅम आहे ही."

म्हणजे खोटं असेल तर तो दागिना नाही, आणि खरं असेल तर ती गुंतवणूक. दागिना असा कुणी कधी घेतच नाही! तरी कपाटाचं दार लागत नाही ते नाहीच.

त्या गुंतवणुकीचा हिशेब कुणी काढत नाही, म्हणून मी आगाऊपणा करते. सोयीसाठी दहा ग्रॅमचा भाव लाख रुपये धरा. दोन तोळ्यांच्या पाटल्या घेतल्या, सोनं झालं 2 लाखांचं. मजुरी बारा टक्के, म्हणजे 24 हजार. त्यावर तीन टक्के जीएसटी, 6,720. दुसऱ्या दिवशी त्याच पाटल्या मोडायला नेल्या तर हाती येणार फार तर सोन्याचा भाव. तीस हजारांवर रुपये रात्रीत गेले कुठे? एवढ्या पैशांची साडी घेतली असती तर घरात आठवडाभर अबोला झाला असता. पाटल्या आल्या की सासूबाई स्वतः हळदकुंकू लावतात.

आणि 'मोडून केलं' हा प्रकार तर विचारूच नका. आमच्या एका वहिनींच्या तोड्यांची जोडी मोडून गोठ झाले, गोठ मोडून बिलवर, आता बिलवर मोडून म्हणे पुन्हा तोडे करायचेत, कारण फॅशन परत आली. दर खेपेला मजुरी नव्यानं, घट वेगळी. वहिनींना विचारा, "छे हो, घरातलंच सोनं, पैसा कुठे लागलाय!"

मुहूर्ताचं तर काही बोलूच नका. आपले साडेतीन मुहूर्त कोणते? पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीच्या पाडव्याचा अर्धा. यात धनत्रयोदशी आहे का कुठे? नाही ना? पण त्या दिवशी लक्ष्मी रोडला पाय ठेवायला जागा नसते. मग गुरुपुष्यामृत. पुष्य नक्षत्र गुरुवारी आलं की झाला योग, आणि तो वर्षातून काही एकदाच येत नाही. पंचांग बघायची गरजसुद्धा उरलेली नाही, पेपरचं पहिलं पान सराफच भरून देतात. घेऊ नये असा मुहूर्त मात्र कुठल्याच सराफानं छापलेला पाहिला नाही.

बरं, ही ओढ आवरायला एकदा अख्खं सरकार कामाला लागलं होतं. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी फर्मान काढलं: चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. म्हणजे बावीस कॅरटवर वाढलेल्या बायकांना चौदा! पुढे 1968 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच आला, तो 1990 पर्यंत टिकला. झालं काय? कितीतरी सोनारांचे संसार उघड्यावर आले, तस्करांची चांदी झाली आणि बायकांचं सोन्यावरचं मन रतीभर हललं नाही. जिथे मोरारजी हरले तिथे आमची भिशीवाली तिळाच्या वडीवर जिंकायला निघाली होती.

गंमत पुढेच आहे. एप्रिल 2025 मध्ये भाव तोळ्याला लाखावर गेला आणि जे कायद्याला जमलं नाही ते भावानं करून दाखवलं. चौदा कॅरटच्या नाजूक चेन आता मुली हौसेनं घेतात, 'डेलीवेअर' म्हणतात. त्याच वर्षी नऊ कॅरटलाही हॉलमार्कचा शिक्का मिळायला लागला. नऊ! आमच्या आजीनं त्याला पितळच म्हटलं असतं आणि वर देणाऱ्याची आईही काढली असती.

पण माझा खरा राग सोन्यावर नाहीच. सोनं घ्यायचं तर नवऱ्याला विचारा, एफडी मोडा, सराफाकडे अकरा महिने हप्ते भरा. भावच तुमचा हात धरत होता. नास केला तो दोनशे-तीनशेच्या ऑक्सिडाइज्डनं. काळपट कानातले, काळपट चोकर, त्यावर म्हैस वाटावी असा एखादा नंदी, आणि कॉटनच्या साडीवर 'काय सुंदर दिसतं गं'. दोनशेच्या वस्तूला कोण कुणाला विचारतं? भाजीच्या पिशवीतून घरात येते ती. महिन्याकाठी अशा जितक्या आल्या त्यांचे पैसे साठवले असते तर एखादा खरा मणी तरी झाला असता.

टीव्हीनंही हातभार लावलाच. 'होणार सून मी ह्या घरची' लागायची तेव्हा गल्लोगल्ली जान्हवीचं मंगळसूत्र लटकत होतं. पुढे नथींची साथ आली. नाक न टोचलेल्यांसाठी दाबाची, बारशाला वेगळी, डोहाळजेवणाला वेगळी, जीन्सवर घालायची आणखी वेगळी. आणि आता रात्री साडेनऊचं लाइव्ह! एक ताई हातात नथ नाचवत ओरडते, "पीस एकच आहे, स्क्रीनशॉट पाठवा!" इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून सगळ्या स्क्रीनशॉट काढतात. त्या एकाच पिसाच्या नथी आमच्या इमारतीत निदान तिघींकडे तरी आहेत, आणि तिघी एकमेकींशी बोलत नाहीत.

पुरुषांनी मात्र यावर हसू नये. सोन्याचा अख्खा शर्ट शिवून घेणारा पिंपरी-चिंचवडचा गृहस्थच होता, बाई नव्हती.

आवरायचे उपायही चालू आहेत हं. एक जण लाइव्ह बघताना यूपीआयचा फोन लेकाकडे ठेवते. लेक दर खेपेला पन्नास रुपये घेऊन परत देतो. दोघी जावांनी ठरवलं, एकच सेट आळीपाळीनं वापरायचा. पहिल्याच लग्नात दोघींना एकाच दिवशी घालायचा होता, मग दुसरा आणला. आमच्या समोरच्या काकूंनी तर निर्धारच केला: आधी आहे ते नीट लावायचं, म्हणजे किती आहे ते दिसेल आणि घ्यावंसं वाटणार नाही. पटण्यासारखंच होतं. त्यांनी मखमली कप्प्यांची मोठी पेटी मागवली, दोन दुपारी बसून सगळं लावलं. पेटीत आठ कप्पे रिकामे राहिले. काल भेटल्या तेव्हा म्हणत होत्या, "कप्पे असे उघडे बरे नाही दिसत गं."